लाल बोट आणि उमेशची पिशवी

डोंगरपाडा, ता. तलासरी
१५ जून

बाय रुचिका,

कविताताईंनी रात्रीच्या वर्गात शिकवलं होतं, पत्रात आधी मायना, मग नमस्कार, मग इकडे सगळे खुशाल. मायना वर झाला. नमस्कार लहानांनी मोठ्यांना करायचा, म्हणजे तो तुझ्याकडून येणं आहे. तर इकडे सगळे खुशाल. शेळी व्याली, दोन करडं झाली, एकाचा कान पांढरा आहे. तुझे आईबाप वापीलाच, कंपनी सुट्टी देत नाही.

फोन कर म्हणशील. फोनला इकडे मोहाच्या झाडावर चढल्याशिवाय आवाज येत नाही आणि माझं चढायचं वय गेलं. शिवाय म्हातारपणी लिहायला शिकले ती काय नुसती सही करायला? हे पत्र शुक्रीच्या टोपलीत भाजीखाली ठेवते. ती डहाणूच्या बाजाराला आली की खाडीवर तुझ्या शेडला देईल. उत्तर तिच्याच हाती दे. वाटेत ती वाचणार नाही, तिला येत नाही.

आता खरी गोष्ट. तुझा भाऊ उमेश ओखा बंदराहून आला. आठ महिने बोटीवर राहून काळा ठिक्कर पडलाय आणि भाकर खातो ती मोजत नाही मी. माझ्यासाठी लोकरीची शाल आणली, ऐन जून महिन्यात. मी ती पांघरून घाम गाळत बसले, पोराला बरं वाटलं पाहिजे ना.

आणि त्याच्या मागोमाग आणखी एक पाहुणी आली. बोट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून आली आणि आता आपल्या आंब्याखाली उभी आहे. लाल भडक, बाजूने पांढरा पट्टा, नवरीसारखी, फक्त नवरी म्हातारी आहे. आपल्या पाड्यातला नविन ज्या शेठच्या चिकूवाडीत कामाला जातो, त्यांची ही. शेठ तरुण होते तेव्हा पायाला फळ्या बांधून पाण्यावर उभे राहायचे आणि ही बोट त्यांना दोरीने ओढायची म्हणे. नविन सांगत होता आणि सगळे हसत होते. मी नाही हसले. भाताच्या चिखलात फळीवर उभं राहून बैलांच्या मागे मी किती वर्षं फिरलेय. शेठकडे बैल नव्हते म्हणून त्यांनी बोट घेतली, एवढंच.

हिचं इंजिन मागे लटकत नाही. पोटात मधोमध आहे, वर पेटी. पेटीच्या पुढे लोखंडी खांब, दोरी बांधायचा. तुझे लडक्या आजोबा म्हणाले, म्हैस बांधायला बरा आहे. माझा दीर असला तरी त्याला अक्कल कमीच. शेठना आता दिसत नाही, बोट कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होती. ते म्हणाले, पोरांनो न्या, नाहीतर भंगारवाला येतोय.

आपल्या पाड्यातल्या पोरांच्या मंडळाला वाटतं, धरणावर रविवारी माणसं येतात, त्यांना हिच्यातून फिरवावं. चालवायला उमेश. पाहणीचे साहेब येतील, पण त्याआधी जाणत्याने बोट आतून बघायला पाहिजे. जाणतं कोण, तर फायबरच्या बोटी दुरुस्त करणारी माझी नात.

भाकर खाता खाता उमेश काय म्हणाला ते लिहिते. म्हणाला, "आजी, ही चालली तर यंदा मी ओख्याला जात नाही. नाही चालली तर तांडेलाची जीप येईल, तिच्यात बसतो." तांडेल म्हणजे त्याच्या बोटीचा मुख्य, तुला माहीतच आहे.

शेजारच्या बुधीचा पोरगा रघ्या तिकडे बोटीवर गेला तो पाण्यातली हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या देशाच्या तुरुंगात अडकला, अजून तिथेच. पेपर आला की बुधी माझ्याकडे येते आणि म्हणते, हिरा, बघ गं त्याचं नाव आहे का. मी सगळा पेपर वाचते, जाहिरातीसुद्धा. नाव नसतं. मागच्या दिवाळीत उमेशच्या बोटीचा निरोप आला नाही तेव्हा मी काय केलं ते विचारू नकोस.

तेव्हा बाय, तू ये, बोट बघ आणि चांगली आहे म्हणून सांग.

तुझी आजी
हिराबाई

सही बघ. आता एका ओळीत येते.


डहाणू
१९ जून

आजी,

नमस्कार. तुझं येणं चुकतं केलं.

सही बघितली. बाळ्यामामांना पण दाखवली. आमच्या शेडचे मुख्य मेस्त्री ते, पण सही माझ्यापेक्षा बरी आहे म्हणाले.

चांगली आहे म्हणून सांग, असं लिहिलंस. आजी, मी बघेन आणि दिसेल तेच सांगेन. त्या बोटीत लोकांची पोरं बसणार आहेत आणि चालवणार माझा भाऊ. तो ओख्याला गेलेला मला पण नकोय. पण धरणात बुडालेला त्याहून नकोय.

अशा जुन्या बोटीचं काय असतं ते सांगते. बाहेरचं अंग फायबरचं, ते सहसा मरत नाही. पण आत, तळाला लांब लाकडी दांडे असतात, फायबरमध्ये गुंडाळलेले. इंजिन त्यांच्यावरच बसतं. घराला आढं तसे बोटीला ते दांडे. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरून रंग चकचकीत. म्हणून लाकडी हातोडीने ठोकत जायचं. आवाज टणक आला तर ठीक. बसका आला तर संशय.

मी येईपर्यंत उमेशला सांग, इंजिन चालू करायचं नाही, बोट पाण्यात घालायची नाही, घासायची नाही, रंग लावायचा नाही. वर ताडपत्री टाका, पण खालून वारा जाऊ दे.

पावसाळ्यात सगळ्या बोटी किनाऱ्यावर असतात, म्हणून आमच्याकडे कामाची गर्दी. रविवार सोडून सुटी नाही. येते लवकरच.

रुचिका


डोंगरपाडा
२५ जून

बाय रुचिका,

तू सांगितलंस ते उमेशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मला बोटीतलं कळतं. मी म्हणाले, तुला समुद्रातलं कळतं, हिला फायबरमधलं कळतं, गप ताडपत्री टाक. टाकली.

ठोकायचं कळल्यावर मी आधी घरातली कणगी ठोकली. भात कुठपर्यंत आहे ते मला तसंच कळतं, भरली असेल तिथे आवाज बसका, रिकामी तिथे मोकळा. मग बोट ठोकली. कणगीचं आणि बोटीचं उलटं दिसतंय. बोटीत बसका आवाज आला की वाईट, आणि मला सगळीकडे बसकाच वाटला. पण माझा उजवा कान पडशाने भरलाय, तेव्हा त्यावर जाऊ नकोस.

रविवारी मात्र येऊ नकोस. सायवनला सुनिताला मुलगी झाली, तुझ्या चुलत बहिणीला, तिच्या पाचवीला मी आणि उमेश जाणार. बाळाचं नाक तुझ्यासारखं आहे म्हणतात. मी बघितल्यावर सांगेन, लोकांना नाकातलं काही कळत नाही.

आजी हिराबाई


डहाणू
२ जुलै

आजी,

तुझं पत्र मला सोमवारी मिळालं. शुक्रीमावशीच्या टोपलीत आळूच्या पानांना चिकटून राहिलं होतं. तोवर मी रविवारी येऊन गेले पण. घरी फक्त लडक्या आजोबा आणि पांढऱ्या कानाचं करडू.

बोट पूर्ण बघितली. आधी चांगलं सांगते. खालून फायबरला फोड नाहीत. पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवला, सरळ आहे. पंख्याचं एक पातं थोडं खाल्लंय, ते घासून होईल. इंजिन जाम नाही, हाताने फिरतं. तेल काळं आहे पण त्यात पाणी नाही. पाणी असतं तर दुधाच्या चहासारखं दिसलं असतं.

आता वाईट. मागच्या सीटपाशी तळाची फळी मऊ आहे, पाय दाबला की खचते. म्हणजे तिच्याखाली पाणी राहिलंय, आणि फळीच्या खाली तेच दांडे.

आणि दुसरं त्याहून वाईट. नाळेवर, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकावर, चांदणीसारख्या चिरा आहेत. मध्ये एक खड्डा आणि तिथून चारी बाजूंना फाटे. मी लडक्या आजोबांना विचारलं, हे कसं झालं? ते म्हणाले, जुनी आहे गं. आणि विडी ओढायला निघून गेले ते आलेच नाहीत.

बाळ्यामामांना सांगितलं. ते म्हणाले, अशी चांदणी म्हणजे बोट जोरात जाताना खडकावर बसलीय. पुढे बसलेला मार आतून मागे जातो आणि दांडे अंगापासून सुटतात. पुढून मार आणि मागून पाणी, मग त्या बोटीत राहिलं काय?

आजी, रागावू नकोस. आज विचारलंस तर माझं उत्तर नाही असं आहे. उमेशला तू सांगतेस की मी सांगू?

रुचिका


डोंगरपाडा
८ जुलै

बाय रुचिका,

उमेशला सांगितलं नाही. लावणी चालू आहे, तो दिवसभर चिखलात, म्हटलं एक दुःख एका वेळी पुरे. पत्र मी नाचणीच्या डब्यात ठेवलंय.

सुनिताच्या पोरीचं नाक तुझ्यासारखं नाही. माझ्यासारखं आहे. तुझंही माझ्यासारखंच आहे, म्हणून लोक फसले. पोर गोड आहे, पाचवीला दिव्याकडे टक लावून बघत होती. येताना सायवनच्या चढावर उमेशच्या गाडीची चेन उतरली, पाऊस धो धो, आणि मी ती लोकरीची शाल डोक्यावर घेतलेली, भिजून ती शाल माझ्याएवढी जड झाली. म्हणून उशीर झाला आणि तू भेटली नाहीस.

बोटीचं वाचलं. पण पोरी, मला एक कळत नाही. तू सांगितलेलं आम्ही सगळं पाळलं. इंजिनाला हात नाही, पाणी नाही, रंग नाही, घासणं नाही. मग ही चांदणी कुठली? ट्रॉलीवरून उतरवली तेव्हा मी तिच्या तोंडावरून हात फिरवला होता, नवरीच्या फिरवतात तसा, तेव्हा काही लागलं नाही हाताला. पण माझे हात लावणीने राठ झालेत, त्यांना आता काट्याशिवाय काही लागत नाही.

आणि बोट वाईट असती तर पूजेला कळलं असतं. पूजेचं तुला सांगायचं राहिलं. तू आलीस त्याच्या आधी गुरुवारी केली. पाहुणी दारात येऊन इतके दिवस झाले, तू पहिल्यांदा तिच्यात पाय ठेवणार, नारळाशिवाय कसं ठेवू देणार? हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. उमेश म्हणाला, समुद्रावर बोटीच्या नाळेवरच नारळ फोडतात, पाणी तिच्या तोंडावरून वाहिलं पाहिजे. तेव्हा घरातला मोठा पुरुष म्हणून लडक्या पुढे झाला. धोतर खोचलं, बायकांकडे बघितलं आणि नारळ हाणला. फुटला नाही. बुधी म्हणाली, भावोजी, देवाला जागं करताय का झोपवताय? पुन्हा हाणला. नाही फुटला. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी डोक्यावरून आणून असा हाणला की आंब्यावरचे कावळे उडाले, आणि नारळ आख्खाच्या आख्खा घरंगळत बोटीखाली गेला, शेळी दावं तोडून पळाली. शेवटी बुधीने कोयत्याच्या एका घावात फोडला. बायका हसून हसून खाली बसल्या. रघ्या गेल्यापासून बुधी एवढी हसलेली मी बघितली नव्हती. लडक्या तेव्हापासून विहिरीला वळसा घालून जातो, बायका असतात ना तिथे.

मग नाळेवर पुन्हा कुंकू, हार, आणि ताडपत्री. खोबरं मात्र गोड निघालं. इतकी चांगली पूजा झालेली बोट वाईट कशी असेल, तूच सांग.

मेस्त्रीबाबांना विचार, दुसरा काही उपाय आहे का. नाहीतर मी उमेशला सांगते. पण लावणी होऊ दे.

आजी


डहाणू
१० जुलै

आजी,

तुझं पत्र बाळ्यामामांना वाचून दाखवलं. ते हातातला ब्रश घेऊन खाली बसले आणि डोळे पुसायला लागले, हसून.

अगं, चांदणी नारळाची आहे. समुद्रातल्या लाकडी बोटीच्या नाळेला चार बोटं जाड लाकूड असतं, तिला नारळ म्हणजे काहीच नाही. जुन्या फायबरचा वरचा थर चिनी मातीच्या बशीसारखा, ठिसूळ. त्यावर लडक्या आजोबांनी तीन वेळा हाणला. मला त्या चिरांमध्ये लाल दिसलं होतं. बोट लाल, म्हणून मी तिचाच रंग समजले. ते तुझं कुंकू होतं. हार आणि हळद करडांनी आधीच फस्त केलेली असणार, मला दिसलीच नाही.

आजोबांना काही बोलू नकोस. मी विचारलं तेव्हा ते का पळाले ते आता कळलं. चीर वरच्या थरापुरतीच असेल तर नाळ चांगली.

पण मागची फळी मऊ आहे ती नारळाने झालेली नाही. अजून हो म्हणत नाही मी. रविवारी येते, फळी कापून आतल्या दांड्यांना बारीक भोकं पाडून भुसा काढून बघते. यावेळी घरी राहा.

रुचिका


डोंगरपाडा
१५ जुलै

बाय,

तू आलीस, नाळ घासलीस, म्हणालीस चीर वरच्यावर आहे, तेव्हा मी सुटले असं वाटलं. मग तू फळी कापलीस, आत वाकून बसलीस. भोकं पाडलीस, प्रत्येक भोकाचा भुसा वेगळ्या कागदात बांधलास, आणि मामांना दाखवते म्हणून एसटीला पळालीस. एका पुडीतला भुसा काळा होता. तू हाताने झाकलास पण मी बघितला. उमेशनेही बघितला.

तू गेलीस, दुसरा दिवस उजाडला. सकाळी त्याने माळ्यावरून पिशवी काढली, ती निळी, समुद्रावर नेतो ती. झटकली आणि कोपऱ्यात ठेवली. तांडेलाचा निरोप आलाय, जाळी शिवायला माणसं लवकर हवीत, जीप महिनाअखेरीला येईल.

मग मी काय केलं, माझी तांबडी कोंबडी खुडूक बसलीच होती, जागा शोधत होती. पिशवीत पेंढा घातला, अंडी ठेवली आणि तिला वर बसवली. ती अशी पसरून बसली की पिशवी तिच्या बापाची. उमेश आला, त्याने बघितलं, मी भाजी निवडत होते. म्हणाला, "आजी, हे काय?" मी म्हटलं, "तिलाच विचार." बसलेली कोंबडी हलवत नाहीत एवढं त्यालाही कळतं. अंडी वाया जातात आणि घरात वाईट दिसतं.

त्याने हात लावला नाही. पण पिशवी दुसरी मिळते गं बाजारात. लवकर कळव.

लडक्याने तुझ्या पिशवीत काकड्या टाकल्या होत्या, मिळाल्या का? माफी त्याला तोंडाने मागता येत नाही.

आजी


डहाणू
२० जुलै

आजी,

काकड्या मिळाल्या. आजोबांना सांग, गोड होत्या.

तुझी खात्री झाल्याशिवाय तू श्वास सोडणार नाहीस, म्हणून पहिलं तेच लिहिते. माझं उत्तर हो आहे.

आता कसं ते ऐक. डावीकडचा दांडा पुढून मागपर्यंत चांगला. भुसा पांढरा, कोरडा, सुताराच्या दुकानातला वास येतो तसा. उजवीकडचा पुढे आणि इंजिनाखाली चांगला. फक्त त्याचं मागचं टोक कुजलंय, तिथला भुसा चहाच्या चोथ्यासारखा. तोच तुम्ही बघितलात. सीटच्या स्क्रूच्या भोकातून पाणी जात होतं. मी म्हणूनच पुढे पुढे भोकं पाडत गेले, कूज कुठे थांबते ते बघायला. इंजिनाच्या बैठकीच्या बरीच अलीकडे थांबते. मला वाटत होतं तसंच, पण एकटीच्या वाटण्यावर सांगायचं नव्हतं. बाळ्यामामांनी पुड्या एकेक करून चोळून बघितल्या, हुंगल्या आणि म्हणाले, टोक कापून टाक, नवं लाकूड सांध, वरून फायबर चढव, सांधा मूळ लाकडाहून घट्ट होईल. येत्या रविवारी ते स्वतः माझ्याबरोबर येतायत. म्हणाले, नारळवाले आजोबा बघायचेत.

फळी नवी बसेल. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथलं पॅकिंग बदलायचं, थेंब थेंब गळतं. इंजिनाच्या पाण्याचे रबरी पाइप सगळे नवे. इंजिन उमेशने बघायचं, त्यात तो माझ्या पुढे आहे, हे त्याला सांगू नकोस.

आणि माझ्या अटी. त्या खांबाला दोरी बांधून कोणाला ओढायचं नाही, बोटीचं वय झालंय. हळू चालवायची. मंडळाने ठरवलीत त्यांच्या निम्मीच माणसं बसवायची, बोट बुटकी आहे. जॅकेटशिवाय कोणी नाही. तू पण नाही.

रुचिका


डोंगरपाडा
१२ ऑगस्ट

बाय रुचिका,

नारळी पौर्णिमेला तुमच्या सगळ्या बोटी पाण्यात गेल्या असतील, म्हणून तू आमच्या बोटीच्या वेळी आली नाहीस. रागावले नाही. तू नव्हतीस ते सगळं लिहिते, आणि सुरुवातीपासून लिहिते, कारण मला लिहायला मजा येते.

तुझं ‘हो’चं पत्र शुक्रीने मला बांधावर आणून दिलं. टोपली घरी न ठेवता तशीच आली बिचारी. उमेश खाली चिखलात, हातात रोपं. मी बांधावर उभी राहून मोठ्याने वाचलं. बैठक या शब्दाला अडखळले, पण पुढे गेले. तो वाकलेला तसाच राहिला. हातातली रोपं लावून संपवली, एकेक, सरळ रेषेत, मग बांधावर येऊन बसला आणि म्हणाला, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. इंजिनात तो तुझ्या पुढे आहे हेही वाचलं. तू सांगू नको म्हणाली होतीस, पण वाचू नको म्हणाली नव्हतीस.

तू आणि मेस्त्रीबाबा लाकूड सांधून गेलात त्याच्या दोन दिवसांनी जीप आली. रस्त्यावरून हॉर्न वाजवला. उमेशने शर्ट बदलला. मला म्हणाला, "जाऊन येतो." मी म्हटलं, "जाऊन येतो म्हणजे?" तोवर तो जीपमध्ये बसला पण. पिशवी कोंबडीखाली, तो जीपमध्ये. मी दारात बसले. लडक्या आला, म्हणाला, "वहिनी, पिशवीशिवाय कोण ओख्याला जातं?" मी म्हटलं, "माझा सासरा चपलांशिवाय मुंबईला गेला होता." मग तो पण दारात बसला. बुधी आली, तीही बसली. स्वयंपाक राहिला. करडं तेवढी अंगावर उड्या मारत होती.

दिवे लागायच्या वेळेला तो चालत आला. एका हातात फरसाण, दुसऱ्या हातात लाल रंगाचा डबा. म्हणाला, तांडेल हायवेवर चारोटीला थांबला होता, त्याचं अन्न एवढी वर्षं खाल्लं, नाही म्हणायचं ते तोंड दाखवून म्हणायचं होतं. तांडेल काय म्हणाला विचारलं, तर म्हणाला, "पहिलं म्हणाला, वेडा आहेस. मग म्हणाला, बोट केवढी आहे?" मग बराच वेळ ते दोघे तुझ्या त्या दांड्यांबद्दल बोलत बसले म्हणे. पुरुषांचं असंच असतं, घरची माणसं दारात सुकतात.

मी चूल पेटवली. भाकऱ्या थापायला बसले आणि पहिली करपली, दुसरीही करपली. त्याने दोन्ही खाल्ल्या.

परवा रविवारी बोट धरणात घातली. साहेब येऊन बघून गेले होते, म्हणाले, पावसाचं पाणी शांत झालं की लोकांना बसवा, तोवर घरच्या माणसांवर चालवून बघा. म्हणून वजनाला आम्ही बायका. नारळ लडक्यानेच फोडला. पण बोटीपासून लांब एक दगड ठेवला होता, आणि सगळा पाडा श्वास धरून बघत होता. एका घावात दोन भकलं झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने वळून आधी बुधीकडे बघितलं, मग देवाला हात जोडले. तो लाल रंग नाळेवर लागलाय. जवळून बघितलं तर चांदणी अजून थोडी दिसते. मी उमेशला म्हटलं, राहू दे ती.

जॅकेट घातलं होतं, आधी सांगते. केशरी आहे, माझ्या लुगड्यावर शोभत नाही. बुधी माझ्या शेजारी बसली. इंजिन सुरू झालं तेव्हा मी समोरची दांडी धरली ती दोन्ही हातांनी. उमेश अगदी हळू चालवत होता, आपला बैल चालेल तसा. मध्यावर गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं, म्हणाला, "आजी, ऐक." ऐकायला काही नव्हतं. पाणी होतं आणि लांब आपला आंबा दिसत होता. मी वाकून तुझ्या नव्या फळीवर बोटांची पेरं आपटली, तू आपटतेस तशी. टणक आवाज आला. माझा उजवा कान आता बरा आहे. मग मी दांडी सोडली.

बुधीने पाण्यात हात घातला होता. परत येताना म्हणाली, रघ्या आला की त्याला असं हळू हळूच फिरवायचं, हिरा. मी म्हटलं, फिरवू. पेपर मी अजून सगळा वाचते.

तांबडीची पिल्लं निघाली. एक अंडं वाया गेलं, बाकी सगळी घरभर फिरतायत, लडक्याच्या पागोट्यातही एक सापडलं. पिशवी मी धुतली, राखेने घासली, उन्हात घातली, कोंबडीचा वास गेला. त्यात तुझ्यासाठी काकड्या, चवळीच्या शेंगा आणि थोडी सुकवलेली मोहाची फुलं भरून शुक्रीबरोबर पाठवते आहे. मेस्त्रीबाबांनाही दे.

पिशवी परत पाठवायची घाई करू नकोस. इकडे ती आता कोणाला लागत नाही.

तुझी आजी
हिराबाई